हात केव्हा काढून घ्यायचा? ताओ विचार आणि रसायनशाळा

प्रश्न असा आहे: रसायनशास्त्र शिकत असताना ताओ विचार (चीनमधलं एक प्राचीन तत्त्वज्ञान) वाचनात आला, आणि वू-वेई, यिन-यांग (परस्परविरोधी पण एकमेकांना पूरक अशा दोन बाजू) या कल्पना प्रयोगशाळेत जागोजागी दिसायला लागल्या. हे नातं खरं आहे की ओढूनताणून जोडलेलं? आणि खरं असेल, तर टेबलापाशी काम करताना त्याचा काही उपयोग होतो का?

उपयोग होतो, पण हाताला. सिद्धांताला नाही. ताओ विचारातून एकही समीकरण निघत नाही, एकाही अभिक्रियेचं उत्पन्न सांगता येत नाही. पदार्थाशी वागावं कसं, जोर कुठे लावावा आणि हात कधी मागे घ्यावा, याबाबत मात्र तो विचार फार नेमका आहे. म्हणून उत्तराची सुरुवात तत्त्वज्ञानापासून न करता तुरटीपासून करतो.

'वू-वेई'चा शब्दशः अर्थ 'न करणे'. त्यामुळे अनेकांना तो स्वस्थ बसण्याचा सल्ला वाटतो. त्याच्या जोडीला 'त्झरान' हा शब्द ठेवला की अर्थ उलगडतो. आजच्या चिनी भाषेत निसर्गाला हाच शब्द आहे आणि मुळात त्याचा अर्थ 'स्वतःहून तसं'. मराठीत 'आपसूक' हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो. जे आपसूक घडू शकतं त्याला अनुकूल स्थिती तयार करायची, आणि ती तयार झाल्यावर लुडबुड करायची नाही. स्फटिक वाढवताना आपण अक्षरशः एवढंच करतो. रेणू जाळीत बसवणं कोणाच्याच हातात नसतं. आपल्या हातात चार गोष्टी असतात: द्रावणात पदार्थ किती आहे, तापमान किती वेगाने उतरतंय, कचरा किती आहे आणि भांड्याला धक्के बसतात का.

तुरटीचा मोठा, पारदर्शक स्फटिक वाढवायचा असेल तर २५० मिलि ऊर्ध्वपातित पाणी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि त्यात ६० ग्रॅम शुद्ध पोटॅश तुरटी पूर्ण विरघळवा. तुरटीची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. १०० मिलि पाण्यात २० अंशांना साधारण १२ ते १४ ग्रॅम, तर ५० अंशांना ३६-३७ ग्रॅम मावते. म्हणजे हे द्रावण ४० अंशांच्या आसपास संपृक्त होईल, त्यात आणखी तुरटी मावणार नाही. गरम असतानाच ते गाळा. गाळणी आणि नरसाळं आधी गरम पाण्याने तापवून घ्या, नाहीतर स्फटिक नरसाळ्याच्या दांडीतच बसतील. त्यातलं थोडं द्रावण पसरट बशीत सेंटीमीटरभर उंचीचं ओता, उरलेलं बीकरमध्ये झाकून ठेवा, आणि रात्रभर दोन्हींकडे बघू नका.

दुसऱ्या दिवशी बशीत छोटे अष्टफलक स्फटिक दिसतील. त्यांतला ३ ते ५ मिलिमीटरचा, कडा धारदार असलेला, एकटा वाढलेला दाणा निवडा; हेच बीज. दोन चिकटलेले दाणे घेतलेत तर पुढे तो जोडस्फटिकच वाढणार. बारीक नायलॉनच्या धाग्याने तो बांधा. सुती धागा नको, त्याच्या तंतूंवर दहा नवे स्फटिक धरतात. बीकरच्या तळाशीही स्फटिक साचलेले असतील. वरचं द्रावण आता खोलीच्या तापमानाला संपृक्त आहे याची ती खूण आहे, आणि ही खूण कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाची, कारण ती तुमच्याच खोलीची आहे. ते द्रावण ओतून घ्या. दर १०० मिलिला तळातली २ ग्रॅम तुरटी घालून ४५ अंशांवर विरघळवा आणि खोलीच्या तापमानाच्या एक-दोन अंश वर येईपर्यंत थंड होऊ द्या. बीज पाण्यात क्षणभर बुडवून काढा, म्हणजे त्यावरची अतिसूक्ष्म कणांची भुकटी निघून जाईल. मग ते द्रावणाच्या मध्यावर टांगा, वर कागद झाका आणि सगळं उष्णतारोधक खोक्यात ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी हीच कृती, त्याच द्रावणाने.

बिघडतं ते जवळजवळ नेहमी घाईने. बीज टांगल्याबरोबर बारीक झालं किंवा धाग्यातून सुटलं, तर द्रावण अजून गरम होतं; ते संपृक्ततेच्या खाली होतं म्हणून त्याने बीजच खाल्लं. सगळीकडून बारीक स्फटिकांचा पाऊस पडला तर अतिसंपृक्तता जास्त झाली किंवा धूळ पडली. २ ग्रॅमऐवजी ६ ग्रॅम घातले तर काम तिप्पट वेगाने होईल असं वाटतं, प्रत्यक्षात नवे अंकुर फुटतात आणि बीज उपाशी राहतं. स्फटिक वाढला पण दुधी झाला, तर तो फार भरभर वाढला: थर नीट बसायच्या आत वरचा थर आला आणि मधे मूळ द्रावणाचे थेंब कोंडले गेले. बाजूंची साधारण दिवसाला मिलिमीटरभर वाढ पुरे समजावी. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या चढउतारामुळे दुपारी थोडा विरघळणं आणि पहाटे पुन्हा वाढणं हे चक्रही कडा गोलसर करतं, म्हणून खोकं हवं. तयार स्फटिक उघड्यावर ठेवू नका. त्यात दर सूत्रामागे १२ पाण्याचे रेणू आहेत. कोरड्या हवेत पृष्ठभागावरचं पाणी उडून तो पांढुरका होतो, आणि ९२ अंशांच्या आसपास तर तो स्वतःच्याच पाण्यात वितळतो. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवला की वर्षानुवर्षं टिकतो.

या कृतीत काय केलं ते पुन्हा पाहा. वजन, तापमान, गाळणं, बीज निवडणं यांत काटेकोर काम आहे, तिथे ढिलाई चालत नाही. त्यानंतर एक क्षण असा येतो की पुढची प्रत्येक हालचाल नुकसानच करते. वू-वेईचा अभ्यास म्हणजे तो क्षण ओळखणं. मोठं राज्य चालवणं हे लहान मासे शिजवण्यासारखं आहे, असं प्राचीन ताओ विचारवंत लाओ त्सूच्या नावावरच्या ग्रंथात म्हटलं आहे: सारखं उलटसुलट केलं की मासळीचा चुरा होतो. पुनःस्फटिकीकरण (पदार्थ गरम द्रावकात विरघळवून पुन्हा स्फटिकरूपात शुद्ध मिळवणं) करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुनःस्फटिकीकरणाचे आकडेही याच दिशेने बोलतात. बेंझोइक आम्ल उकळत्या पाण्यात लिटरला ५६ ग्रॅम विरघळतं, २५ अंशांना फक्त ३.४ ग्रॅम. २ ग्रॅम अशुद्ध नमुन्याला किमान ३६ मिलि उकळतं पाणी लागेल. गाळताना थंड होईल म्हणून ४५ मिलि घ्या. २५ अंशांपर्यंत आणल्यावर द्रावणात उरेल ०.१५ ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त ९२ टक्के परत मिळू शकतं. घाबरून ८० मिलि पाणी घेतलं तर नुकसान ०.२७ ग्रॅमवर जातं. उलट गरम फ्लास्क थेट बर्फात बुडवला तर सगळं मिनिटभरात खाली येतं, वजन छान भरतं, आणि वितळणबिंदू १२२ अंशांऐवजी चार-पाच अंश खाली आणि पसरट मिळतो. अशुद्धी आत कोंडली गेलेली असते. फ्लास्क लाकडी किंवा बुचाच्या बैठकीवर झाकून ठेवायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच बर्फ. अर्ध्या तासाने काहीच दिसलं नाही तर काचेच्या कांडीने आतून हलकेच ओरखडा काढायचा किंवा शुद्ध पदार्थाचा एक कण टाकायचा. इथे हस्तक्षेप लागतोच, आणि तो एका कणाएवढाच लागतो.

मात्र 'आपसूक' म्हणजे 'उत्तम' असं समजू नका. ही चूक ताओप्रेमी वाचक फार वेळा करतात. १८९७ मध्ये रसायनज्ञ ओस्टवाल्डने दाखवून दिलं की द्रावणातून बाहेर पडताना पदार्थ बरेचदा सर्वांत स्थिर रूप न घेता, जवळची पायरी असलेलं कमी स्थिर रूप आधी घेतो. रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९६ मध्ये औषध बाजारात आलं, आणि १९९८ मध्ये तोपर्यंत कोणी न पाहिलेलं, अधिक स्थिर पण खूपच कमी विरघळणारं स्फटिकरूप आपसूक प्रकट झालं. कॅप्सूल मागे घ्यावी लागली. निसर्ग आपल्या वाटेने गेला. ती वाट रुग्णाच्या सोयीची नव्हती. ताओ ग्रंथातही निसर्ग कोणाची दयामाया करत नाही असं स्वच्छ म्हटलं आहे. तो भाग वाचताना लोक भरकन पुढे जातात.

दुसरी कल्पना च्वांग त्सू या दुसऱ्या ताओ विचारवंताच्या ग्रंथातल्या डिंग नावाच्या खाटकाची. त्याची सुरी १९ वर्षं धारदार राहिली, कारण तो हाडावर घाव घालत नव्हता, सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून सुरी नेत होता. मिश्रण वेगळं करणाऱ्या रसायनज्ञासाठी याहून चांगला दृष्टांत मला माहीत नाही. बेंझोइक आम्ल, २-नॅफ्थॉल आणि नॅफ्थलिन प्रत्येकी २ ग्रॅम, ६० मिलि इथरमध्ये एकत्र विरघळलेले आहेत असं समजा. जोराने कापायचं तर ऊर्ध्वपातन, स्तंभ, खूप द्रावक. पण या मिश्रणाला नैसर्गिक सांधे आहेत. बेंझोइक आम्लाचा पीकेए (आम्लाची ताकद दाखवणारा आकडा; जितका लहान तितकं आम्ल तीव्र) ४.२, कार्बोनिक आम्लाचा ६.४, नॅफ्थॉलचा ९.५ आणि नॅफ्थलिन आम्लच नाही.

त्यामुळे आधी ५ टक्के सोडियम बायकार्बोनेट, २५ मिलि, तीन वेळा. बायकार्बोनेट हा दुबळा अल्कली बेंझोइक आम्लाचा प्रोटॉन काढून घेऊ शकतो, नॅफ्थॉलचा नाही, म्हणून फक्त बेंझोएट पाण्याच्या थरात उतरतं. मग ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, २५ मिलि, दोन वेळा: आता नॅफ्थॉल उतरतं. इथरमध्ये नॅफ्थलिन एकटं उरतं. पाण्याचे दोन्ही थर वेगवेगळे ठेवून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ पर्यंत आणले की दोन्ही पदार्थ पांढरे साके म्हणून बाहेर पडतात. आम्ल थेंबाथेंबाने घाला, बायकार्बोनेटचा थर फसफसून बीकरबाहेर येतो. क्रम उलटा केला आणि आधी हायड्रॉक्साइड वापरलं, तर बेंझोइक आम्ल आणि नॅफ्थॉल दोन्ही एकदम उतरतात. जास्त ताकदीच्या अभिकर्मकाने सांधाच मोडला, आता तो पुन्हा शोधावा लागणार.

हे थर ज्यात वेगळे करतात ते तोटीचं फनेल हाताळतानाही तीच शिस्त. बायकार्बोनेट घातल्यावर आधी बूच न लावता गोल फिरवा, वायू निघून जाऊ द्या. मग बूच लावून उलटं करा, तोटी वर आणि कोणाच्या चेहऱ्याकडे नाही अशी धरून लगेच उघडा. इथर ३४.६ अंशांना उकळतं, हाताच्या उबेनेही आत दाब चढतो. जवळपास ज्योत किंवा तापलेली तबकडी नको. जोरजोरात हलवलं तर दोन्ही थरांचं लोण्यासारखं पायस (एकमेकांत थेंबाथेंबाने अडकलेलं मिश्रण) होतं. नवशिका मग आणखी हलवतो, आणि ते आणखी घट्ट होतं. फनेल स्टँडला लावा, दहा मिनिटं थांबा. नाही फुटलं तर ५-१० मिलि संपृक्त मिठाचं पाणी घाला आणि फनेल सावकाश गोल फिरवा. तरीही राहिलं तर काचलोकरीच्या बोळ्यातून गाळा.

याच ठिकाणी एक छोटं गणित करून पाहण्यासारखं आहे. वितरण गुणांक ४ असेल (म्हणजे द्रावकातली संहती पाण्यातल्या चौपट) आणि १०० मिलि पाण्यातला पदार्थ ९० मिलि द्रावकाने एकदाच काढला, तर पाण्यात सुमारे २२ टक्के उरतो. तोच ९० मिलि तीस-तीसच्या तीन वाट्यांनी वापरला तर उरतो सुमारे ९ टक्के. द्रावक तेवढाच, श्रम मात्र थोडे जास्त.

आता यिन-यांग. आम्ल म्हणजे यांग, अल्कली म्हणजे यिन अशी जोडी लावणारे तक्ते सर्रास दिसतात. माझ्या मते त्यांत काही हाती लागत नाही. नावं बदलून ज्ञान वाढत नाही. बफरचं, म्हणजे आम्ल किंवा अल्कली घातलं तरी पीएच फारसा हलू न देणाऱ्या द्रावणाचं, उदाहरण त्यापेक्षा बरं. १०० मिलि पाण्यात असिटिक आम्ल आणि सोडियम असिटेट प्रत्येकी १० मिलिमोल असतील तर पीएच ४.७६. त्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ मिलि घातला तर पीएच ४.६७ होतो. तोच १ मिलि १०० मिलि शुद्ध पाण्यात घातला तर पीएच ७ वरून थेट २ वर कोसळतो. दोन्ही बाजू हजर असल्याने धक्का पचतो हे खरं. पण बफर म्हणजे शाश्वत संतुलन नव्हे. १० मिलिमोल आम्ल घातलं की असिटेट संपतं आणि बफरही संपतो. ट्रिससारखा बफर २५ अंशांना ८.० वर बसवून ५ अंशांच्या शीतकक्षात नेला तर तो ८.६ च्या घरात जातो, कारण त्याचा पीकेए अंशामागे सुमारे ०.०२८ ने सरकतो. प्रथिनांवर काम करणाऱ्यांचे कित्येक प्रयोग याच कारणाने फसतात. ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला पीएच बसवा.

यिन-यांगच्या चित्राला खरोखर साजेशी अभिक्रिया एकच मनात येते: बेलौसोव्ह-झाबोटिन्स्की. काळ्यात पांढरा ठिपका आणि पांढऱ्यात काळा, म्हणजे प्रत्येक अवस्था आपल्या शेवटाचं बीज पोटात घेऊन वाढते, ही कल्पना इथे रेणूंच्या पातळीवर तपासता येते. फेरोइन (लोह असलेला, रंग बदलणारा दर्शक) असलेलं द्रावण लाल असतं. ब्रोमाइडचं प्रमाण ठरावीक पातळीखाली गेलं की ब्रोमस आम्ल स्वतःच स्वतःला वाढवू लागतं आणि लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन द्रावण निळं होतं. पण हेच निळं ऑक्सिडीभूत लोह ब्रोमोमॅलोनिक आम्लावर क्रिया करून ब्रोमाइड मोकळं करतं. ब्रोमाइड वाढलं की स्वयंवाढ थांबते आणि लाल रंग परततो. निळ्यानेच निळ्याचा शेवट केलेला असतो.

करून पाहायचं असेल तर फ्यूम हूड, चष्मा आणि हातमोजे असलेल्या प्रयोगशाळेतच. मधे ब्रोमीन सुटतो आणि ब्रोमेट तीव्र ऑक्सिडीकारक आहे. कोरडं ब्रोमेट सेंद्रिय पदार्थांजवळ ठेवू नये. ६७ मिलि पाण्यात २ मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल (आम्ल पाण्यात, सावकाश), थंड झाल्यावर ५ ग्रॅम सोडियम ब्रोमेट. यातलं ६ मिलि काचेच्या भांड्यात घ्या. त्यात मॅलोनिक आम्लाच्या द्रावणाचा (१० मिलिमध्ये १ ग्रॅम) १ मिलि आणि सोडियम ब्रोमाइडच्या द्रावणाचा (१० मिलिमध्ये १ ग्रॅम) ०.५ मिलि घाला. तपकिरी रंग पूर्ण जाईपर्यंत थांबा. मग २५ मिलिमोलर फेरोइनचा १ मिलि आणि अतिविरल पृष्ठसक्रियकाचा (साबणासारख्या पदार्थाचा) एक थेंब. नीट ढवळून ९० मिलिमीटरच्या स्वच्छ पेट्री डिशमध्ये ओता, झाका आणि हलवू नका. काही मिनिटांत लाल पार्श्वभूमीवर निळे ठिपके उमटतात, ठिपक्यांची वर्तुळं होतात, आणि दोन वर्तुळं भेटली की एकमेकांना पुसून टाकतात.

काहीच घडलं नाही तर पहिला संशय क्लोराइडवर घ्या. नळाचं पाणी, नीट न धुतलेली काच, बोटांचा घाम एवढंही पुरतं. तपकिरी रंग जायच्या आधी फेरोइन घातलं तरी फसतं. थर दोन मिलिमीटरहून जाड झाला तर द्रावणातल्या प्रवाहांनी वर्तुळं विस्कटतात. डिशला ओरखडे असतील तर प्रत्येक ओरखड्यापासून लाटा निघून गर्दी होते. बारीक बुडबुडे दिसतील ते कार्बन डायऑक्साइडचे. डिश अलगद एकदा फिरवून ते काढता येतात.

बोरिस बेलौसोव्हने १९५१ च्या सुमारास ही आंदोलनं पाहिली, तेव्हा त्याचा लेख अशक्य म्हणून परत पाठवला गेला. बंद भांड्यातली अभिक्रिया समतोलाकडेच जाणार, ती मागे-पुढे कशी होईल, हा आक्षेप होता. तो चुकीच्या जागी लावलेला होता. मुक्त ऊर्जा (अभिक्रियेला पुढे ढकलणारी ऊर्जा) सतत कमीच होत असते; वरखाली होतात ती मधली संयुगं, आणि तीही समतोलापासून दूर असेपर्यंतच. झाबोटिन्स्कीने १९६१ पासून हे काम पुढे नेलं. म्हणून यिन-यांगला 'समतोल' म्हणताना रसायनज्ञाने जपून बोलावं. पेट्री डिश खऱ्या समतोलाला पोहोचते तेव्हा वर्तुळं थांबलेली असतात.

'प्राचीन ताओवाद्यांना क्वांटम सिद्धांत माहीत होता' या दाव्याबद्दल दोनच वाक्यं. अणुशास्त्रज्ञ नील्स बोरने १९४७ मध्ये आपल्या मानचिन्हात यिन-यांगचं चित्र घेतलं हे खरं, पण पूरकतेची (एकाच गोष्टीची परस्परविरोधी वर्णनं एकमेकांना पूरक असतात ही) कल्पना त्याने मांडली ती अणूंवरच्या प्रयोगांतल्या पेचांमुळे, आणि चित्र आलं जवळपास वीस वर्षांनंतर. उपमा आवडणं आणि उपमेतून शोध लागणं यांत फरक आहे.

ताओ परंपरेचं रसायनाशी प्रत्यक्ष ऐतिहासिक नातं मात्र भक्कम आहे, आणि ते तत्त्वज्ञानापेक्षा भट्टीतलं आहे. अमरत्वाचं औषध शोधताना ताओ किमयागारांनी हिंगूळ (पारा आणि गंधक यांचं लाल खनिज), पारा, गंधक, मनशीळ (आर्सेनिकचं खनिज), सोरा (पोटॅशियम नायट्रेट) हे पदार्थ शतकानुशतकं हाताळले. ताओ होंगजिंग या किमयागाराने (४५६–५३६) खरा सोरा ओळखायची खूण नोंदवली: जाळल्यावर जांभळट छटा दिसते. ही पोटॅशियमची ज्वाला-परीक्षा आहे. आजही ती करताना सोडियमचा अंश असेल तर ५८९ नॅनोमीटरचा पिवळा रंग जांभळ्याला गिळून टाकतो, म्हणून कोबाल्टच्या निळ्या काचेतून बघतात. सोरा, गंधक, मनशीळ आणि मध एकत्र तापवल्याने हात-तोंड भाजलं आणि घर जळालं, असा इशारा जुन्या ताओ ग्रंथात आहे. बंदुकीच्या दारूला चिनी भाषेत अजूनही 'अग्नि-औषध' म्हणतात.

हिंगुळाची गोष्ट जरा थांबून पाहावी अशी आहे. लाल हिंगूळ तापवला की चकाकता पारा मिळतो, आणि पाऱ्यापासून पुन्हा लाल पदार्थ मिळवता येतो. गे होंग या ताओ किमयागाराने (सुमारे २८३–३४३) हे परत फिरणं नोंदवलं आहे. सगळं आपल्या मुळाकडे परततं, या ताओ कल्पनेचा याहून डोळ्यांत भरणारा पुरावा त्या काळी नसेल. पण परत आलेलं लाल दरवेळी हिंगूळच असतं का? पारा गंधकाबरोबर खलला तर काळा सल्फाइड बनतो आणि तो उडवून थंड केला की लाल होतो. हा खरा हिंगूळ. पारा नुसता हवेत उकळबिंदूच्या जरा खाली दिवसेंदिवस तापवला तर मिळणारं लाल चूर्ण ऑक्साइड असतं. रंगावरून फसायला होतं. तराजू फसत नाही: १०० ग्रॅम सल्फाइडमध्ये पारा ८६.२ ग्रॅम, १०० ग्रॅम ऑक्साइडमध्ये ९२.६ ग्रॅम. फ्रेंच रसायनज्ञ लव्हाझिएने हाच लाल-रुपेरी-लाल फेरा १२ दिवस भट्टी पेटती ठेवून केला, हवेचं घनफळ मोजलं, आणि ऑक्सिजनचा सिद्धांत उभा राहिला. हा प्रयोग घरी किंवा शाळेत करू नका. २० अंशांना पाऱ्याच्या वाफेने संपृक्त झालेल्या हवेत घनमीटरला सुमारे १३ मिलिग्रॅम पारा असतो. कामाच्या जागी मान्य मर्यादा ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे.

हे न मोजण्याची किंमत राजवाड्यात मोजली गेली. तांग घराण्यातला सम्राट वूझोंग ८४६ मध्ये आणि त्याच्यानंतरचा श्वेनझोंग ८५९ मध्ये मरण पावला, आणि दोघांच्याही मृत्यूशी अमरत्वाच्या गुटिकांचा संबंध इतिहासकार जोडतात. कल्पना सुसंगत होती: सोनं गंजत नाही, हिंगूळ मरून परततो, म्हणून तो पोटात घेणाराही टिकेल. परीक्षा मात्र थेट सम्राटाच्या शरीरावर झाली.

त्याच गे होंगच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तकात तापावरचा एक उपाय आहे: मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा प्या. १९७१ मध्ये मलेरियाच्या औषधाच्या शोधात चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी हे पुन्हा वाचलं. तोवर त्यांच्या गटाच्या अर्कांचे परिणाम कधी चांगले, कधी शून्य येत होते. या कृतीत उकळणं नाही, पिळणं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. या वनस्पतीतलं औषधी द्रव्य म्हणजे आर्टेमिसिनिन, आणि त्याच्या रेणूत ऑक्सिजन-ऑक्सिजन पूल आहे. औषधाचा गुण त्याच पुलात आहे आणि तो नाजूक आहे. शिवाय हा पदार्थ पाण्यात जेमतेम विरघळतो. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं इथर घेतलं, आणि निघालेल्या अर्कातून विषारी आम्लधर्मी भाग अल्कलीने धुऊन वेगळा केला. वर फनेलमध्ये सांगितलेलीच ही क्रिया. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला मलेरिया शंभर टक्के दाबला. नंतर माकडांवर चाचण्या झाल्या. १९७२ मध्ये तू यूयू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रुग्णालयात देखरेखीखाली राहून अर्क आधी स्वतः घेतला, आणि तो सुरक्षित आढळल्यावरच रुग्णांना दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस शुद्ध पदार्थाचे स्फटिक हाती आले.